वांग्यांतले कोंब

आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चहा हवा असला की ते भिंतीकडे बघून म्हणतात, "च्या झाला का न्हाई, कोन जाने." मी पदर सारखा करते आणि आधण ठेवते. मी हिंगोलीत कारकुनाच्या घरी वाढले. वडिलांशी दोन वाद घातल्याशिवाय मला जेवण जात नसे. त्यामुळे ही भिंतीमार्फत चालणारी बोलणी मला लग्न झालं तेव्हा कळली नाहीत आणि अजूनही कळत नाहीत.

सासूबाई गेल्या आणि मामा कुरुंद्याला एकटे राहिले. एकदा शेतात चक्कर येऊन पडले, तेव्हा यांनी शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आणि त्यांना वसमतला आमच्याकडे आणलं. पण मामा आले ते पाहुण्यासारखे. दर सोमवारी भिंतीला सांगायचे, "या हप्त्यात जाऊन राहिलो म्या गावाकडं." ऐकून यांचं तोंड उतरायचं. माझंही. तिकडे पुन्हा पडले तर उचलणार कोण? आणि खरं सांगायचं तर ते गेले असते तर मला करमलं नसतं. ज्या माणसाशी आपण बोलतच नाही त्याची इतकी सवय कशी लागते, देव जाणे.

त्यांच्या हाताला काही काम मिळालं तर मन रमेल, असं माझ्या डोक्यात आलं. घरामागच्या जागेत मी मोबाइलवर बघून विटांचे उंच वाफे बांधून घेतले, चांगले गुडघ्याएवढे, म्हणजे त्यांना फार वाकायची तकलीफ नको. शेतातली काळी माती मागवली, शेणखत मागवलं. एकात मेथी आणि कोथिंबीर, एकात भेंडी, एकात वांग्यांची रोपं. एवढा खटाटोप ज्यांच्यासाठी केला ते मामा मात्र पडवीत खुर्ची टाकायचे आणि वाफ्यांकडे पाठ करून बसायचे. मी यांच्याकडे कुरकुर केली तर हे म्हणाले, "अगं, सून काम करत असताना ते तिकडं तोंड करून बसतील का?" म्हणजे मामांना वाफ्यात आणायचं तर मी वाफ्यातून जायला हवं होतं. आता हे आधी कुणी सांगायचं?

त्यातच एक दिवस वांग्यांच्या मधे हिरवे कोंब दिसले, सुरळी केलेल्या कागदासारखे. शेणखतातून तण आलं असेल, असं समजून मी उपटले. खाली आल्यासारखा तुकडा निघाला. मोडून बघितला, आत पिवळाधमक. हळद! वसमतमध्ये राहून मी हळदीचे ढीग पाहिलेत, पण ते बाजारातले, वाळलेले. हळद उगवताना कशी दिसते ते कशाला बघायला गेले होते? शेतातल्या मातीबरोबर आली असेल म्हटलं आणि कोपऱ्यात टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी कोंब परत जागेवर. आपल्याकडूनच राहिले असतील, म्हणून पुन्हा उपटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर, तेही एका ओळीत, बराबर अंतरावर. तण काही रांगेत उभं राहत नाही. हे मामांचं काम! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पाठोपाठ रागही चढला. माझ्या वांग्यांत हळद कशासाठी?

हे ऑफिसातून आले तसं मी सगळं त्यांच्या कानावर घातलं. हे हसतच सुटले. म्हणाले, "आमच्याकडं असा उंच वाफा केला की त्यात हळदच लावतात. मेथी-कोथिंबीर, वांगी ती आपली मधल्या जागेत. बाबाला वाटलं असंल, सुनेनं हळदीची सगळी तयारी केली अन् बेणंच लावायचं विसरली. गावाकडनं कोंब फुटलेलं बेणं मागवलं असंल त्यानं."

"आणि ही निघणार कधी?"

"निघंल होळीच्या आसपास. आठ-नऊ महिने धर."

हे हातपाय धुवायला गेले, मी तिथेच उभी. जाणारा माणूस आठ-नऊ महिन्यांचं पीक लावतो का? की जाण्याआधी सुनेचं राहिलेलं काम उरकून देतोय? मी जरा कुठे आनंदायला लागले, तर सोमवार आला आणि मामा भिंतीला म्हणाले, "या हप्त्यात जाऊन राहिलो." माझं डोकं चालेनासं झालं. राग कुणावर काढावा, तेही सुचेना.

दुपारी मी कोपऱ्यात टाकलेले, कोंब गळून थोडे सुकलेले तुकडे गोळा केले आणि वाफ्याशी बसून मातीत खोचायला लागले. एवढी नासधूस आपण केली, निदान तेवढी तरी भरून काढावी.

"उलटं लावून राहिली तू. डोळा वरी पायजे त्याचा."

मी दचकून वळले. मामा मागे उभे होते आणि सरळ माझ्याकडे बघत होते. आजूबाजूला भिंत नव्हती, हेही घरात नव्हते. माझे दोन्ही हात मातीने भरलेले, पदर सावरायचंही सुचलं नाही. काय झालं कुणास ठाऊक, मी विचारून टाकलं, "मामा, ही काढायला तुम्ही असाल ना?"

त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, फिरवून डोळा वर केला, मातीत बसवला आणि अंगठ्याने दाबला. मग पुढच्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

"मंग काय तू काढनार? तुला लावताबी येईना अजून."