पायाळूची कंबर

मी आईच्या पोटातून पायाकडून बाहेर आले. एवढंच माझं कर्तृत्व, आणि त्याच्या जोरावर माझी निम्मी उमेदीची वर्षं लोकांच्या कमरांना पाय लावण्यात गेली. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळूचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानत. पायाळूवर वीज पडते असंही मानत, म्हणून माहेरी ढग गडगडायला लागले की मला एकटीला शेतातून घरी पिटाळायचे. पायाळू असण्याचा मला झालेला फायदा म्हणाल तर तेवढाच.

लग्न ठरताना माझ्या वडिलांनी सांगितलं, मुलगी सातवी शिकलीय, रंगानं सावळी आहे, पण पायाळू आहे. सासूबाईंनी रंगाचा विषय पुन्हा काढला नाही. भिवंडीच्या कडेला, जिथे शेतं संपून लूमच्या शेडी सुरू व्हायच्या, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर होतं. हळद उतरायच्या आत अख्ख्या आळीला ठाऊक झालं की या घरात पायाळू सून आली. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे. मी चहासुद्धा घेतला नव्हता.

पाय लावण्याचे नियम सासूबाईंचे होते आणि ते कडक होते. आलेल्याने तोंड न धुता यायचं. उंबऱ्यात डोकं बाहेर करून पालथं पडायचं. मी डावा पाय तीनदा त्याच्या कमरेला लावायचा, तोही अलगद नाही, चांगला दाबून. त्या वेळी कुणी चकार शब्द बोलायचा नाही. मग त्याने उठायचं आणि मागे न बघता चालू पडायचं. पैसे घ्यायचे नाहीत, भाजीची जुडीसुद्धा नाही. घेतलं तर गुण जातो. मला सगळ्यात जड जायचं ते वडीलधाऱ्यांना पाय लावणं. आजोबांच्या वयाची माणसं पायाशी पडायची, आणि त्यांना पाय लावून झाल्यावर मी त्यांच्या पाठमोऱ्या अंगाला हात जोडायची. ते बघायचे नाहीत, पण मी जोडायची.

बरं वाटायचं का लोकांना? वाटायचं बहुतेक. पुन्हा यायचे म्हणजे एक तर गुण येत असेल, नाहीतर येत नसेल. माझा काही अभ्यास नव्हता. सासूबाई मात्र नळावर, लग्नात, बारशात सांगायच्या, आमच्या सुनेचा पाय म्हणजे औषध हाय. त्यांच्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं. जमीन दिरांच्या वाट्याला गेली होती, मुलगा लूमवर कामगार. मी त्यांचा दागिना होते, आणि दागिन्याला कोणी विचारत नाही की तुझं काय दुखतंय.

तिसऱ्या बाळंतपणानंतर मी कांड्या भरायला जाऊ लागले. लूमच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते ती मशीनवर भरून द्यायची, असं ते काम. घरापासून दहा पावलांवर शेड. जमिनीवर गोणपाट टाकून बसायचं, मशीन गुडघ्याच्या उंचीवर, त्यामुळे पाठ दिवसभर कमानीसारखी वाकलेली. कांडी भरली की काढा, रिकामी लावा, तुटलेला धागा पकडा. पलीकडे लूमचा खडखडाट इतका की स्वतःचं कण्हणंही ऐकू यायचं नाही. कामाआधी आणि कामानंतर पाणी भरायचं.

एके दिवशी नळावरून भरलेला हंडा उचलताना कमरेत काहीतरी सटकलं. मी हंडा तसाच खाली ठेवला आणि त्याच्या कडेला धरून उभी राहिले. मागच्या बाया म्हणाल्या, आटप लवकर, पाणी जाईल. त्या दिवशी जे धरलं ते पुरतं कधी सुटलंच नाही. आधी नुसती कंबर होती, मग डाव्या कुल्ह्यातून पोटरीपर्यंत तार ओढल्यागत कळ यायला लागली. सकाळी अंथरुणातून उठायला आधी कुशीवर, मग हातावर, मग भिंतीला धरून, असे माझे टप्पे ठरले होते. पहिल्या तीन वर्षांबद्दल मला काही सुचत नाही लिहायला. दुखणं रोजचंच झालं की त्याच्यात सांगण्यासारखं काय उरतं? मी दमलेली होते. सकाळी उठतानाच दमलेली असायची.

घरात सांगितलं तेव्हा सासूबाई एकदम बोलल्या, "पायाळूची कंबर कशी दुखेल गो? पायाळूला उसण भरत न्हाय." मी म्हटलं, उसण नाही, दुसरं काहीतरी असेल. तर म्हणाल्या, काय असंल ते असो, बाहेर बोलू नको, लोक हसतील. मग हळू आवाजात, कामाची टाळाटाळ करणाऱ्या बायांच्या दोन गोष्टी सांगितल्या, नाव न घेता. माझ्या मनाला ते फार लागलं. नवऱ्याला सांगावं तर तो शिफ्टवरून यायचा तो झोपायला. वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे. त्याने एकदा गुपचूप मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सुया दिल्या, फळीवर झोपा म्हणाले आणि वजन अजिबात उचलू नका म्हणाले. डॉक्टरांच्या घरात नळ होता.

फळीचं मात्र मी केलं. जुन्या दाराची फळी होती ती टाकून झोपू लागले, सासूबाईंना सांगितलं की ढेकूण झालेत.

अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे बसलं की हाडं मोकळी होतात असं सगळे म्हणायचे. सासूबाईंचा वज्रेश्वरीच्या देवीला नवस फेडायचा होता, त्या निमित्ताने मी अकलोलीचा हट्ट धरला. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या कबूल झाल्या. मी कुंडात गळ्यापर्यंत बसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला माझं अंग माझं वाटलं. कळ गेली नव्हती, पण लांब जाऊन बसली होती. मला रडू आलं. तोंडावर पाणीच होतं, कुणाला कळलं नाही. तेवढ्यात सासूबाईंनी शेजारच्या बाईला सांगितलंच, माझी सून पायाळू हाय. ती बाई लगेच तिच्या भावजयीला घेऊन आली. ओल्या लुगड्यानिशी मला कुंडातून बाहेर यावं लागलं, आणि पायऱ्यांवर पालथ्या पडलेल्या त्या भावजयीच्या कमरेला मी तीनदा पाय लावला. आणखी दोघी आल्या. परतीच्या एसटीत मागची सीट मिळाली. कुंडाने जेवढं दिलं होतं तेवढं सगळं रस्त्याने परत घेतलं.

शेडमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती, उत्तरेकडची, तिचा नवरा तिथेच लूम चालवायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, सगळ्या तिला आपा म्हणायच्या. लूमच्या आवाजात बोलणं व्हायचं नाही, पण ती माझ्याकडे बघायची. एका दुपारी लाईट गेली, लूम थांबले, आणि त्या शांततेत मी उठायला गेले तशी तोंडातून आवाज निघाला. तिने विचारलं, कब से है? मी तिला सगळं सांगितलं, पायाळूपणासकट. ती हसायला लागली. म्हणाली, "हम भी उलटे पैदा हुए हैं, बहन. गाँव में सब हमसे ही लात खाते थे."

तिच्याकडेही तीच समजूत, तीच लाथ. आणि तिचीही कंबर गेलेली, माझ्याआधी कितीतरी वर्षं. सासूबाईंनी मला बजावलं होतं की पायाळूला पायाळूचा पाय चालत नाही. आपा म्हणाली, आमच्याकडे असं काही सांगितलेलं नाही, करून बघायला काय जातं. मग आम्ही दोघी, तीन-तीन पोरांच्या आया, सुताच्या गठ्ठ्यांमागे गेलो. आधी ती पालथी पडली, मी पाय लावला. मग मी पडले, तिने लावला. चांगला जोरात लावला. मी उठले ती आणखी वाकडी होऊन उठले. तिलाही काही गुण आला नव्हता. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि इतक्या हसलो की कमरेत पुन्हा कळ आली, तशा परत हसलो. मला एवढं हसू कधी आलं होतं ते आठवेना.

लाईट येईपर्यंत तिने मला एक गोष्ट दाखवली. ती गोणपाटाखाली चार विटा घालून बसायची. मुकादम ओरडायचा, विटा काढ, पण ती काढायची आणि तो गेला की परत घालायची. मीही घातल्या. पाठ थोडी सरळ राहू लागली. पुढच्या महिनाभरात कळ गेली नाही, पण संध्याकाळी पाणी भरताना डोळ्यांपुढे अंधारी येणं थांबलं. जे मिळालं ते असं, चार विटांएवढं.

सकाळची माणसं मात्र थांबली नव्हती. आता मी दाराची चौकट धरून पाय उचलायची. डावा पाय हलवला की कुल्ह्यापासून आग उतरायची, पण चेहरा बिघडू द्यायचा नाही एवढं मी शिकले होते.

मग सासूबाईंचीच कंबर धरली. पाट्यावरचा वरवंटा उचलायला गेल्या आणि तिथेच बसल्या. एवढ्या वर्षांत त्या माझ्यापुढे कधी पालथ्या पडल्या नव्हत्या. सुनेचा पाय सासूला लागणं त्यांना मरणाहून वाईट. दोन दिवस त्यांनी एरंडाची पानं गरम करून बांधली, मीठ तापवून शेकलं, मला मात्र काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर त्या उंबऱ्यात पडलेल्या. तोंड न धुतलेलं, डोकं बाहेर, पांढरा अंबाडा सुटलेला. कधी येऊन पडल्या होत्या कुणास ठाऊक.

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. बोलून दाखवायला काय काय होतं माझ्याकडे, पण बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. मी चौकट धरली आणि डावा पाय उचलला. एकदा लावला. त्यांची पाठ पायाखाली एवढी अरुंद लागली की मी घाबरले. दुसऱ्यांदा उचलताना उजव्या पायातलं बळच गेलं. चौकटीवरचा हात सुटला आणि मी त्यांच्या शेजारी उंबऱ्याला टेकून खालीच बसले. उठता येईना. पाय वर घेता येईना. मी नुसती त्यांच्या पाठीकडे बघत बसले.

त्या वाट बघत होत्या. बराच वेळ पाय लागला नाही तेव्हा त्यांनी मान वळवली. मागे बघायचं नसतं, तरी बघितलं. मी जमिनीवर बसलेली, कपाळाला घाम. मग त्यांनी दुसरा नियम मोडला.

"दुखतंय तुला?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षांत हा प्रश्न त्या घरात मला कोणी विचारला नव्हता. मी नुसतं हो म्हटलं. त्यांनाही उठता येत नव्हतं. आम्ही सासू-सुना तशाच उंबऱ्यात, एक पालथी, एक बसलेली, पोरं उठून बाहेर येईपर्यंत. मग मोठ्या पोराला त्यांनी नळावर नंबर धरायला पाठवलं, आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं की आज आमचे हंडे तू आण.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दापोड्याचा एक माणूस होता, पहाटेच चालत निघालेला. मी फळीवर पडले होते, सवयीने कुशीवर वळले. सासूबाई माझ्याआधी भिंत धरत धरत दाराशी गेल्या होत्या. अजून अर्ध्या वाकलेल्याच होत्या.

"आज न्हाय," त्या म्हणाल्या. "उद्या पन न्हाय. तिची कंबर गेलीय."

तो माणूस म्हणाला, पायाळूची कंबर कशी जाईल आजी?

"मी पन हेच बोलत व्हते," सासूबाई म्हणाल्या. "तीन वरसं."

त्यांनी दार लावून घेतलं. दागिना त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला होता, आणि तो परत कधी घातला नाही. माझी कंबर त्यानंतरही दुखत राहिली, आजही दुखते. पण त्या सकाळी चहा टाकायची वेळ झाली होती, आणि मी उठले नाही.