नाल्याकाठचं तारण

लामता गावची आम्रपाली मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात एका बँकेत तारणाची पाहणी करायची. व्यापारी धान गोदामात ठेवत, बँक त्यावर कर्ज देई. पोती जागेवर आहेत आणि कोरडी आहेत, असं आम्रपालीनं लिहून दिल्याशिवाय कागद पुढं सरकत नसे. नऊ वर्षांत तिनं न पाहता एकही सही केली नव्हती.

त्या सप्टेंबरात तीन दिवस पाऊस खळला नाही. चौथ्या सकाळी ती नाल्याकाठच्या गोदामावर पोचली, तर चौकीदार टिकाराम गुडघाभर चिखलात उभा.

"बाई, नाल्याचं पानी उलटं येऊन राह्यलं. वैनगंगा घेतच नाई त्याले."

शेजारची तिन्ही गोदामंही त्याच बँकेकडं तारण होती. एकात पाणी शिरलं तर चारही गोदामांत शिरणार, आणि शाखेची अर्धी कर्जं उघड्यावर पडणार.

तिनं मॅनेजर अनिश यांना फोन लावला.

"नकाशातली पूररेषा लांब आहे," ते म्हणाले. "तीस वर्षांत तिथं पाणी आलेलं नाही. वरून परवानगी येऊ द्या, उद्या बघू."

"सर, तीस वर्षांचा पाऊस आता कुठं राह्यला? एका महिन्याचा तीन दिवसांत पडून राह्यला."

"तारणाला परवानगीशिवाय हात लावू नका."

फोन ठेवून तिनं ट्रकवाल्या प्रेमलालला बोलावलं.

"भाडं कोन देईल, मॅडम?"

"मी. माह्या नावानं लिही."

पहिल्या गोदामात अठराशे पोती होती. हमाल पळतच पोती वाहत होते. अकराशे पोती उंचावरच्या शेडमध्ये पोचली, तोवर दारातून पाणी आत आलं. आधी घोटाभर, मग कमरेएवढं. टिकारामनं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

उरलेल्या धानाला आठवड्यात कोंब फुटले. शेजारच्या तीन गोदामांतलं तर एकही पोतं वाचलं नाही.

आम्रपालीला नोटीस आली: विनापरवानगी तारण हलवलं. वेतनवाढ थांबली. व्यापारी तिच्याशी बोलेनासे झाले, कारण गोदामाचं जोतं उंच केल्याशिवाय नाल्याकाठी नवं कर्ज नाही, असं बँकेनं तिच्याच अहवालावरून ठरवलं होतं.

अनिशनी चौकशीत स्वतःच लिहून दिलं, "त्यांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

"काहून लिवलं, सर? तुमची बदली होईल," ती म्हणाली.

"होऊ दे," ते म्हणाले.

डिसेंबरात त्यांची बदली झाली. तिची वेतनवाढ अजून अडकलेलीच आहे.