बिनआवाजाची मशीन

सेलूला आमच्या घराच्या आतल्या खोलीत मी ब्लाउज शिवते. सासूबाईंची पायाची मशीन मी वर्षानुवर्षं चालवली. मग कामही वाढलं आणि गुडघेही दुखायला लागले, म्हणून यंदा मोटरवाली नवी घेतली. काय पळते! पाय नुसता टेकवला की शिवण पार, आणि आवाज म्हणाल तर नाहीच.

पण गिऱ्हाइकं येईनाशी झाली. दसऱ्याला नागपूरला जायचं म्हणून आमच्या वस्तीतल्या बाया दरवर्षी पांढऱ्या ब्लाउजांची कापडं घेऊन दारात उभ्या असतात. यंदा एकही फिरकली नाही. माझी शिलाई बिघडली, की दुसरी कोणी शिवणारी आली? डोक्यात नुसता भुंगा. शेवटी चिडून समोरच्या काकूंना गाठलं.

"काऊन ओ काकू, माह्याकडे येनं सोडलं काय?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अवं, तू घरीच आहे काय? तुह्या मशीनचा आवाजच येत नाई. मले वाटलं, माहेरी गेली असन."

मी तडक घरी आले. जुनी मशीन भंगारात द्यायची म्हणून कोपऱ्यात सारली होती, ती ओढत दाराशी आणली. दोरा ओवला नाही, कापड लावलं नाही, नुसती खडखडवत बसले. गुडघे बोंबलत होते. तेवढ्यात दारात सावली पडली. शेजारीण पांढरं कापड घेऊन उभी होती.

"आली काय वं माहेरून?"