काशिनाथदादांनी दिलेलं नाव

काशिनाथदादा सामन्याआधी अख्खं मैदान अनवाणी चालून यायचे. खडे वेचायचे, टाचेनं माती दाबून पाहायचे. चेंडू कुठं उडी घेईल हे त्यांच्या पायांना आधी कळे. घराणं मिठागरात राबलेलं; तळव्यांची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती.

ठाण्यातल्या आमच्या गिरणीच्या हॉकी संघाचे ते कप्तान. सलग तीन वर्षं स्पर्धेची ढाल आमच्याकडे होती. हे खेळाडू हॉकीवरच भरती झालेले, पण त्यांच्या नोकरीचा कागद दर वर्षी नव्यानं निघे. कँटीनमध्ये त्यांना फुकट दूध मिळे, म्हणून आम्ही साच्यांवर कापड विणणारे कामगार त्यांना ‘दुधवाले’ म्हणून हिणवायचो. युनियनची पत्रकं मी लिहायचो. एका पत्रकात मी त्यांना मालकाचे पाळीव बैल म्हटलं. दादा ते वाचून म्हणाले, “बैलाला म्हातारपनी गोठा तरी असतो रे.”

चौथ्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात कल्याणच्या एका साध्या संघानं आम्हाला हरवलं. शेवटच्या मिनिटाला गोलकीपर रघू सावंतच्या पायांमधून चेंडू गेला. शिट्टी वाजायच्या आत मॅनेजरसाहेबांची मोटार निघून गेली होती.

कुणी रागावलं नाही, तेच वाईट होतं. सोमवारी दूध आलं नाही. मंगळवारी क्लबच्या खोलीला कुलूप दिसलं. बुधवारी साहेबांनी दादांना बोलावून सांगितलं, ज्याच्यामुळे हरलो त्याचं नाव शनिवारपर्यंत लिहून द्या. कशासाठी, हे सांगायची गरज नव्हती. दोन लहान मुलींचा बाप असलेला रघू दादांची नजर चुकवू लागला.

मी दादांना फाटकाशी गाठलं. “नाव देऊ नका, दादा. आम्ही संप करू.”

“दुधवाल्यासाठी?”

त्याच सकाळी मी खात्यात विचारून पाहिलं होतं. एकही हात वर झाला नव्हता. लोकांनी माझंच पत्रक मला ऐकवलं होतं.

“गोल अकरा जनांवर होतो,” दादा म्हणाले. हरल्यावर ते नेहमी हेच म्हणत. “पन सायेबाला एकच मानूस पायजे.”

शनिवारी त्यांनी स्वतःचं नाव दिलं. खाली लिहिलं, ‘गोलकीपरला पुढे ये म्हणून मीच ओरडलो.’ मी गोलच्या मागंच उभा होतो. दादांनी तोंडही उघडलं नव्हतं.

साहेबांनी कागद शांतपणे घडी करून खिशात घातला. दुपारी हिशेब देऊन दादांना कामावरून काढलं आणि संध्याकाळी रघूला कप्तान केल्याची नोटीस लागली.

दादा निघाले तेव्हा मी धावत जाऊन त्यांना ही बातमी सांगितली. वाटलं, बरं वाटेल. ते थांबले.

“रघूला एकटा नको सोरू,” ते म्हणाले. “पुढल्या खेपेला नाव त्याला लिव्हायचा हाय.”