किन्हीराजाच्या मळ्यातले तीन टाके

या सदरातली अद्भुत अनुभवांची पत्रं मी नेमानं वाचतो. खरं सांगायचं तर बहुतेकांचं निदान मनातल्या मनात करूनही टाकतो — ताप, उपास, जागरण. चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. आजही नाही. तरी लिहितोय, कारण माझे कंपाउंडर वामनराव गेल्या वर्षी वारले आणि हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो.

स्वातंत्र्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मालेगावकडच्या किन्हीराजा गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ सुरू झाली म्हणून मला तिथे पाठवलं. शाळेतच खाटा टाकल्या. सकाळी विहिरींत लाल औषध टाकायचं, पाणी उकळून प्या म्हणून दारोदार सांगायचं आणि मग दिवसभर शाळेत. पटकीत अंगातलं पाणी निघून जातं. तेच शिरेतून परत भरलं तर मेल्यासारखा पडलेला माणूस तासाभरात डोळे उघडतो. त्यात चमत्कार काही नाही... मीठ आणि पाणी. फक्त ते जवळ हवं.

सहाव्या दिवशी सकाळी सलाईनच्या दोनच बाटल्या उरल्या. शाळेत महादेव नावाचा बावीस वर्षांचा तरणा शेतकरी अत्यवस्थ होता. त्याचे वडील गणपतराव उशाशी बसून होते. तेवढ्यात किसन माळी बोलवायला आला. शाळेपासून हाकेच्या अंतरावर त्याचा वांग्या-मिरचीचा मळा. तिथे त्याची बायको सगुणा बाजेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली, नाडी हाताला लागत नव्हती. महादेवची अजून लागत होती, वाचण्याची आशा त्याचीच. म्हणजे बाटल्या कुणाला, हे ठरलंच.

किसनला मी म्हणालो, "दुपारी बाटली घेऊन येतो."

येणार नव्हतो. मला फक्त तिथून निघायचं होतं.

दोन्ही बाटल्या महादेवला दिल्या, शाळा कोतवालावर सोपवली आणि वामनरावांना घेऊन बैलगाडीनं शेलूबाजारला निघालो. तिथे मोटारीनं औषधं यायची होती. पोचलो तेव्हा दुपार झाली होती, मोटार आलीच नव्हती. सहा दिवसांत धड झोप नाही. एका दुकानाच्या ओट्यावर आडवा झालो आणि अंग तापानं फणफणलं. वामनराव संध्याकाळपर्यंत माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत बसले होते. तुम्ही कूसही बदलली नाहीत, असं ते पुढे कायम सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधं आली, दुपारी आम्ही परतलो. महादेव आदल्या संध्याकाळीच गेला होता. वामनरावांना घेऊन मी मळ्याकडे निघालो तो सगुणाचा मृत्यू नोंदवून घ्यायला.

सगुणा आंब्याला टेकून ज्वारीची पेज पीत होती.

मी काही बोलायच्या आत किसन पाया पडला. "तुमी येतो म्हणले, अन् आले, डाक्टरसायेब. आमाले वाटलं नव्हतं."

मी कधी आलो, असं विचारल्यावर तो गोंधळला. काल दुपारी, म्हणाला. मी एकटाच आलो, एका शब्दानं बोललो नाही, तिच्या पायाशी बसून बाटली उंच धरली.

"लय थकेल दिसत होते तुमी. पानी देल्लं तर हातानंच नाही म्हणलं. बाटली सरली, अन् वांग्यातून तसेच चालले गेले."

सगुणाच्या पायाला पट्टी होती. ती मी सोडली. आतल्या घोट्याच्या वर शिरेत सुई घालायला घेतलेला छेद, काळ्या रेशमाचे तीन टाके. टाक्यांची टोकं लांब सोडलेली. ती माझी खोड. कॉलेजात त्यासाठी बोलणी खाल्ली होती. वामनरावांनी टाके पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी पुन्हा बांधायला घेतली.

मालेगाव, मंगरूळपीर, सगळीकडे विचारलं. त्या दिवशी कुणी डॉक्टर तिकडे फिरकला नव्हता. किसनही जागरणानं भ्रमिष्ट झाला असेल, असं म्हणून पाहिलं. पण भ्रम टाके घालत नाही. झोपेत वीस मैल जाऊन यावं, तर वामनराव माझ्या उशाशी होते. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. आठव्या दिवशी ते टाके मीच काढले.

किसनला मी खरं सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? बातमी मात्र गावभर झाली. साथ ओसरली, मी सामान बांधत होतो, तेव्हा गणपतराव शाळेत आले. महादेवची खाट होती तिथे भिंतीला टेकून उभे राहिले. रागावलेले नव्हते. रागावायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"डाक्टरसायेब, त्या दुपारी तुमी किसनच्या मळ्यात आलते म्हणतात," ते म्हणाले. "माहा महादेव तवा जित्ता होता. मळ्यातून शाळा दिसते... इकडं काहून नाही आले?"