तीन नंबरच्या टेबलाचं लॉक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण डोळे मिटून काही मानत नाही. चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून वहीत लिहितेय.

रत्नागिरीत बंदरावर मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात मी झाडलोट करते, चहा देते. तिथे एक यादी असते – सकाळी कुठली होडी समुद्रात गेली, संध्याकाळी कुठली आली. पूर्वी ती रजिस्टरात असायची. जुने क्लार्क नाना लिहायला बसले की तपकिरीची डबी रजिस्टरावर ठेवायचे. डबी आहे तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि होडी जेटीला लागलेली स्वतः बघितल्याशिवाय नाना 'आली' लिहायचे नाहीत.

नाना वारले. यादी कॉम्प्युटरवर गेली... एकच फाईल, ऑफिसच्या आणि गेटवरच्या मशीनमध्ये मिळून ठेवलेली. दोघांनी एकदम लिहिलं की एकाचं पुसलं जायचं. म्हणून दापोलीहून एक इंजिनिअर मुलगी आली. तिला मी दारातूनच डबीचं सांगितलं. ती हसली.

"मावशी, मला हेच करायचंय! एकाने फाईल उघडली की बाकीच्यांना कुलूप."

तिने लॉक बसवलं. नानांच्या टेबलावर तिसरं मशीन आणून ठेवलं, पण ते जोडायचं राहिलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सावंत क्लार्क रोज पाच वाजता खुर्चीत बसूनच सगळ्या होड्यांपुढे 'आली' करून मोकळे व्हायचे. त्या दिवशी होईना. पडद्यावर आलं – फाईल तीन नंबरवर उघडी आहे.

"काय गो, मशीनला हात लावलास काय?"

"नाय हो. वायर बघा, गुंडाळलेली हाय." लादी पुसताना मीच गुंडाळली होती.

"मग काय नाना येऊन बसले?"

"तसं मी म्हटलं नाय. पण कागद घ्या नि जेटीवर जावा. नाना जायचे."

एवढं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. सावंत बडबडत गेले... आणि धावत परत आले. एक होडी नव्हती. माझ्या भावाची, वसंताची.

फोन लागेना. दोन होड्या शोधायला सुटल्या. इंजिन बंद पडून त्याची होडी बाहेर वाहत चालली होती. दोर बांधून ओढत आणली, काळोख पडायच्या आत. वसंता जेटीवर उतरला. सावंतांनी वर येऊन बघितलं, तर फाईल आपोआप मोकळी झालेली.

इंजिनिअर फोनवर म्हणाली, "आधी कुणी उघडल्याचं लॉक अडकून राहिलं असेल."

"अडकायला ते मशीन जोडलेलं नको काय?"

ती म्हणाली, "माहीत नाही, मावशी."

मलाही माहीत नाही. नानांचं नाव मी घेत नाही. पण ऑफिसात अजून म्हणतात, मीच काहीतरी खुडबुड केली. नाही केली! हसायचं त्यांनी खुशाल हसावं. सावंत आता रोज पाच वाजता कागद घेऊन जेटीवर जातात... का जातात, ते त्यांनाच विचारा.