तांदळातलं नाव

आई तिकडे साताऱ्यात जेवेना आणि मी इकडे सौदीत अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होते. इकाम्याचं, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण अडकलेलं, त्यामुळे निघताही येईना. नवऱ्याचा कफील, म्हणजे ज्याच्या सहीवाचून पान हलत नाही तो मालक, रोज 'बुकरा' म्हणायचा. उद्या! आग लागो त्याच्या उद्याला.

आईला आता कुणाचीच ओळख उरली नव्हती. वहिनी व्हिडिओ कॉल लावायची, मी 'आई, अगं आई' करून घसा बसवून घ्यायचे. घास पुढे आला की तिचे ओठ घट्ट. डॉक्टरांनी केसपेपरवरच्या नावाने हाक मारून पाहिली, तरी ढिम्म.

घरात जीव लागेना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या इंग्रज बाईंकडे जाऊन बसायचे. त्या आपल्या गावच्या चर्चच्या जुन्या नोंदी लॅपटॉपवर उघडून पूर्वज शोधत असत. कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला कुठे पुरलं. मला मनातून रागच यायचा. इथे जितं माणूस हातचं चाललंय आणि ही बया मेलेल्यांच्या मागे!

त्या दिवशी त्यांचं घोडं पणजीच्या आईपाशी अडलं होतं. लग्नानंतरच्या नोंदी मिळत होत्या, त्याआधी बाई गायबच. मग स्वतःच कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मीच वेडी! तेव्हा ती या आडनावाची नव्हतीच. तिच्या बापाच्या गावात, बापाच्या आडनावाने शोधायला हवं."

"आडनावाचं काय घेऊन बसलात?" मी फणकारले. "आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नावच लिहितो. जुनं नाव..."

आणि चर्रकन झालं. आईचं जुनं नाव मलाच माहीत नव्हतं. आमच्या घरात ते कुणी कधी घेतलंच नव्हतं.

चहा तसाच टाकून मी वर पळाले. थोरल्या मामांना फोन लावला. "हे काय गं मध्येच?" म्हणत ते आधी हसले, मग त्यांनी सांगितलं. दोन अक्षरी, साधंसुधं नाव.

लगेच वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. जन्मदात्रीला एकेरी नावाने हाक मारायची, जीभ रेटेना. तरी मारली. जोरात.

मान वळली.

"आले गं आई," ती म्हणाली. "ओरडू नकोस ना."

मला हुंदका आला. पण रडायला सवड होती कुठे! तो गिळून मी दटावलं, "आधी जेवून घे. मग खेळायला जा."

वहिनीने घास पुढे केला आणि आईने आ केला.